तरुण माणूस गेल्यावर : पश्चात्ताप, रुखरुख की सल?

प्रश्न : तरुण भाऊ किंवा बहीण गेली की मागे राहिलेल्यांना आपलंच चुकलं असं वाटत राहतं. मुंबईत सगळे सरळ 'गिल्ट' म्हणतात. सांत्वनाच्या पत्रात 'पश्चात्ताप' लिहिलं तर चालेल?

उत्तर : कृपया नको. पश्चात्ताप केलेल्या कृत्याचा होतो. 'तुला पश्चात्ताप होत असेल' असं लिहिलंत की दोष त्याचाच होता हे तुम्हीही मान्य केलंत. ज्याचा भाऊ लोकलमधून पडून गेला, त्याने काहीच केलेलं नसतं; 'त्या दिवशी थांबवायला हवं होतं' एवढंच मनात असतं. या 'हवं होतं'साठी 'रुखरुख' आहे. ती राहून गेलेल्या गोष्टीची असते, न उचललेल्या फोनची, पुढे ढकललेल्या भेटीची, आणि ती 'लागून राहते'. 'चुटपुट' त्याच जातीची, पण गाडी चुकल्याचीही लागते. इथे फार तोकडी. वर्षानुवर्षं आत रुतून बसतो तो 'सल'. मूळ शब्द 'शल्य'.

पुरवणी : 'हळहळ' बाहेरच्यांची. सोसायटी हळहळते. आईबद्दल हा शब्द वापरू नका.

प्रश्न : आणि 'अपराधगंड'?

उत्तर : 'गंड' न्यूनगंडातला, म्हणजे स्वभावात मुरलेला. नुकतीच मुलगी गेलेल्या बापाला तो चिकटवणं अन्यायाचं आहे. 'अपराधीपणाची भावना' म्हणा. घरगुती बोलण्यात मात्र 'स्वतःला बोल लावणे' सगळ्यांत नेमकं, आजीलाही कळणारं. फक्त 'बोल लावून घेऊ नकोस' हे पहिलंच वाक्य नको, त्याने समोरचा गप्प होतो. 'कशाची रुखरुख लागलीय?' असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

पुरवणी : 'सुतक' आणि 'शोक' यांतही गल्लत होते. सुतक साधारण १० दिवसांनी फिटतं. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावावर दहाव्याचे विधी झाले, तेरावा उरकला की नातेवाईक आपापल्या घरी जातात आणि घर रिकामं होतं. शोकाला अशी मुदत नाही. म्हणून 'आता सावर' नको, आणि पत्र तेराव्यानंतर पोहोचलं तरी उशीर झाला असं समजू नका. उलट तेव्हाच त्याची जास्त गरज असते.

उत्तर : एक खूण लक्षात ठेवा. 'त्याच्याऐवजी मीच जायला हवं होतं' किंवा 'मला जगायचंच नाही' असं कुणी म्हणू लागलं, तर शब्द शोधत बसू नका. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर फोन लावून द्या. तिथे रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं.