बांधावरचं जळण परदेशी विकू द्यावं का?

माणदेशी (म्हसवड)
भाचा इंग्लंडात लीड्सला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं पेट्रोलपंपावरून आणलेली जळणाची जाळीदार पिशवी दाखवली. आत हाताएवढे ढलपे, भट्टीत वाळवलेले, एकसारखे फोडलेले. पिशवीवर लिहिलंय लिथुआनिया! २०२१ पासून तिकडं किरकोळीत ओलं लाकूड विकता येत नाही, ओल २० टक्क्यांच्या आत लागते. म्हणजे सरपण समुद्र ओलांडून विकलं जातंय.

आपल्याकडं ओंडके, ढलप्या, भुसा, लोणारी कोळसा, सगळ्याची निर्यात बंद. २०२२ मध्ये फक्त बांबूच्या कोळशाला मोकळीक मिळाली. माझं म्हणणं एवढंच की रानातलं राहू द्या, पण बांधावरची सुबाभूळ आणि माळावरची वेडी बाभूळ तरी खुली करा. आम्हा माणातल्या माणसाला ना ऊस ना द्राक्ष. न पेरता उगवणारं हे एकच पीक आहे.

वखारवाला (मिरज)
पाव्हणं, वखारीत तीस वर्षं गेली माझी. जळण जेवढं लांब नेशील तेवढं ते जळण राहत नाही, नुसतं भाडं होतं. त्यात तुमचे ट्रॅक्टर काट्यावर येतात तेव्हा निम्मं पाणीच तोलतो मी. ते लाकूड चुलीत घाला, अलीकडं जाळ आणि पलीकडच्या टोकाला फेस, शूंऽऽ करत बसतंय. खडखडीत वाळलेल्या किलोत चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. निम्मं पाणी असलं की त्याच्या निम्मीसुद्धा हाताला लागत नाही. जगात जेवढं लाकूड तुटतं त्यातलं जवळजवळ निम्मं जाळायलाच जातं, पण सरहद्द ओलांडणारं अगदी थोडं. त्याचं कारण हेच.

निवडुंग (पुणे, मूळचा खटावचा)
वखारवाले काका, ढलपे नकाच पाठवू. भुसा करून दाबून पेलेट पाठवा. त्यात ओल दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते, म्हणून जहाज भरून नेणं परवडतं. भाच्याच्या लीड्सपासून फार लांब नाही, यॉर्कशरमध्ये ड्रॅक्सचं वीजकेंद्र आहे. पूर्वी कोळशावर चालायचं, आता अमेरिकेतून आलेल्या लाकडी पेलेटवर चालतं. व्हिएतनाम जपान-कोरियाला पुरवतो. त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही? माणदेशींना पाठिंबा.

कोयनाकाठ (पाटण)
पूर्ण असहमत. ड्रॅक्सचं नाव काढलंत ते बरं झालं. तिथं चिमणीतून निघालेला कार्बन वीजकेंद्राच्या हिशोबात शून्य धरतात. का, तर तो जिथं झाड तुटलं त्या देशाच्या खात्यात मांडायचा असतो. जेवायचं त्यांनी आणि खरकटं आपल्या दारात. शिवाय या धंद्यातली सगळ्यात मोठी अमेरिकन कंपनी, एन्व्हिवा, मार्च २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. सोन्याची खाण असती तर गेली असती का?

आणि 'फक्त वेडी बाभूळ' हे कागदावर ठीक. आमच्या घाटात एकदा बंद पडलेल्या ट्रकची ताडपत्री मी स्वतः उचलून बघितलीय. वर काटेरी फांद्या पसरलेल्या, खाली जांभूळ आणि अंजनीचे ताजे बुंधे, चीक अजून ओला. गिऱ्हाईक परदेशी झालं की ताडपत्रीखाली काय आहे ते कोण बघणार? सोमालियाचं काय झालं? बाभळीच जाळून कोळसा आखाती देशांत जायचा, हुक्क्याला आणि शेगडीला. पैसा अल-शबाब या अतिरेकी संघटनेकडं वळायला लागला, तेव्हा २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना त्या कोळशावर बंदी घालावी लागली.

माणदेशी
कुठं म्हसवड अन् कुठं सोमालिया! चोर ताडपत्रीखाली लपवतो म्हणून बाजारच भरवायचा नाही होय? आणि देशातलं गिऱ्हाईकही घटतंय, ते बघा. मुंबईत हायकोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. पावाच्या भट्ट्या गेल्या तर आमचं जळण घालायचं कुठं?

हळदीची सून (सांगलीजवळ)
आमच्याकडं घाला की, भाऊ. शिमग्याच्या सुमाराला हळद शिजवताना येऊन बघा. आता काहिलीऐवजी वाफेच्या टाक्या आल्या, पण बॉयलरच्या तोंडाला जळणच लागतं. रात्री दोनला लाकूड संपलं म्हणून मी आणि सासूबाईंनी अंगणातला मोडका बैलगाडीचा साटा फोडून घातलाय, कारण हळद अर्धकच्ची ठेवून भागत नाही. तुमचं चांगलं वाळलेलं लाकूड बाहेर गेलं तर आमच्या वाट्याला येणार ते फेस धरणारं.

२०२२ मध्ये युरोपनं रशिया आणि बेलारूसचं लाकूड थांबवलं, तेव्हा हंगेरीनं आणि बोस्नियानं आपल्या जळणाची निर्यात बंद केली. घरचं आधी, मग बाहेरचं. ज्यांच्याकडं रानं भरपूर त्यांनी दार लावून घेतलं, आणि आपण माळावरच्या चार बाभळींवर दुकान मांडायचं?

बेदाणा (तासगाव)
एक बारीक मुद्दा, कुणी काढला नाही म्हणून. बाहेर माल पाठवणाऱ्यांनी लाकडी पेटीवर ओंबीचा शिक्का बघितला असेल, लाकडातली कीड मारल्याची ती खूण. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, नाहीतर औषधाची धुरी, मगच तो बसतो. नुसत्या पेटीला एवढं, मग साल असलेलं जळण कोण आत घेईल? अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनला एक हिरवा भुंगा सापडला. लोक सहलीला जाताना गाडीत सरपण टाकून न्यायचे, त्यातून तो राज्याराज्यांत पसरला आणि ॲशची कोट्यवधी झाडं मेली.

निवडुंग
पेलेटला हा त्रास नाही, दाबताना किडा जगत नाही. पण हळदवाल्या वहिनींचा मुद्दा मला पटला. वीजकेंद्रांना कोळशात शेतमालाच्या पेलेट मिसळायची सक्ती आपल्याच सरकारनं केलीय. मग जहाज कशाला? पाचटाचं बोलूया का?

माणदेशी
पाचट तुमच्याकडं, माणात कुठलं! बरं, निर्यात राहू दे बाजूला. रामनाथपुरमला याच वेड्या बाभळीचा कोळसा करून लोक देशातच विकतात. आम्हाला तेवढं तरी सुटसुटीत करू द्या, कोयनाकाठ यांची ताडपत्री तपासायला माणूस नेमा वाटल्यास.

कोयनाकाठ
माणूस नेमला तर त्याच्यावर कोण नेमायचा?

माणदेशी
ते जाऊ दे. वखारवाले, वाळकं आणलं तर ओल्याहून जास्त दर देणार का? आजवर एकानं दिला नाही, म्हणून तर सगळे ओलंच आणतात.

वखारवाला
हे मात्र खरंय, आमचीही चूक आहे. फोडून, सहा महिने रचून ठेवून आणा, दर वेगळा लावतो.

माणदेशी
किती?

वखारवाला
आणल्यावर बोलू. मोबाईलवर ओल दिसत नाही.