अनुभव धागा : आइल ऑफ स्कायवर मुक्काम कुठे केलात?

पुढच्या जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत. स्कॉटलंडचं आइल ऑफ स्काय त्यांना दाखवायचंच, असं घरात सगळ्यांनी ठरवलंय. तिथे बरीचशी हॉटेलं सहा-आठ-बारा खोल्यांची, जुन्या वास्तूत थाटलेली, बुटीक म्हणतात तशी. उन्हाळ्यात रात्रीचे दोनशे पौंड सहज ओलांडतात आणि फोटोत प्रत्येकाच्या खिडकीत समुद्र. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा. काय बघून निवडलंत, आणि तिथे गेल्यावर खरं काय महत्त्वाचं ठरलं?

*

ग्लासगोत राहतो, स्कायला नेहमी जाणं होतं. हॉटेलच्या आधी बेटाची बाजू ठरवा. स्काय सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आहे आणि हाताच्या पंजासारखं समुद्रात पसरलंय. दक्षिणेला स्लीट, उत्तरेला ट्रॉटर्निश, वायव्येला वॉटर्निश आणि ड्युरिनिश. एका बोटावरून दुसऱ्यावर जायचं तर पुन्हा मधे यावं लागतं. ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका आणि क्विराँगचे कडे ट्रॉटर्निशवर आहेत, डनव्हेगनचा किल्ला आणि नीस्ट पॉइंटचं दीपगृह ड्युरिनिशकडे, फेअरी पूल्स हे पाण्याचे डोह कुलिन डोंगरांच्या पायथ्याशी. दक्षिण टोकाला आर्माडेलजवळ राहून क्विराँग बघायला निघालात, तर जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास गाडीतच जातात. पहिल्यांदा येणाऱ्यांनी पोर्ट्री या बेटावरच्या मुख्य गावात किंवा त्याच्या आसपास राहावं, हे माझं ठाम मत.

दुसरं, रात्रीचं जेवण. मुख्य रस्ता सोडला की एका वेळी एकच गाडी मावेल असे अरुंद रस्ते लागतात. समोरून गाडी आली की ‘पासिंग प्लेस’च्या फुगवट्यात थांबायचं, रस्त्यात मेंढ्या बसलेल्या असतात, आणि अंधारात हे सगळं दुप्पट अवघड. शिवाय 2014 पासून स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, त्यामुळे जेवताना एक ग्लास वाइन घेऊन परत निघणंही जोखमीचं. म्हणून मला जेवण आणि खोली एकाच जागी असलेली हॉटेलं आवडतात. ड्युरिनिशवरच्या कोलबोस्टचं ‘थ्री चिमनीज’ 1985 पासून नावाजलेलं रेस्टॉरंट, आणि त्याला लागूनच ‘हाउस ओव्हर-बाय’मध्ये सहा खोल्या. जेवून उठायचं आणि चार पावलांवर झोपायला जायचं. महाग आहे, पण त्या रस्त्याने रात्री परतण्यापेक्षा मी ते पैसे आनंदाने देईन.

*

वरच्या दादांनी जेवणाचं लिहिलंय, त्यात शाकाहारी मंडळींसाठी भर घालते. माझ्या सासूबाई अंडंही खात नाहीत. या छोट्या हॉटेलांत बहुधा ठरलेला मेनू असतो आणि स्कायचा अभिमान म्हणजे स्कॅलॉप (शिंपल्यांतला प्रकार), लँगुस्टीन (कोळंबीसारखं), हरणाचं मांस. ‘व्हेजिटेरियन चालेल का’ एवढंच विचारू नका. अंडं, मासळीचा रस्सा, जिलेटिन, काय काय चालत नाही ते बुकिंग करतानाच ईमेलने लिहून कळवा. आधी कळवलं तर स्वयंपाकघरातली माणसं मनापासून करतात. आम्हाला भाजलेल्या बीटाचा आणि स्थानिक चीजचा असा पदार्थ मिळाला की सासूबाईंनी कृती विचारून घेतली. ऐन वेळी सांगितलं की मात्र उकडलेल्या भाज्या समोर येतात.

नाश्त्याला पॉरिज, म्हणजे ओटची खीर, उत्तम. शाकाहारी हॅगिसही मिळतं, ते जरूर खा, ओट आणि डाळींचं मसालेदार असतं. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताचं सॉसेज, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो म्हणून फिरत राहू नका, साडेआठ-नऊला स्वयंपाकघर बंद होतं. पोर्ट्रीत भारतीय जेवण मिळतं, तेवढाच आधार.

*

गुडघ्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मी सत्तरीचा आहे. ही हॉटेलं म्हणजे मूळच्या सराया, पाद्र्यांची घरं, शिकारीचे लॉज. लिफ्ट क्वचितच असते. आम्हाला ‘समुद्र दिसणारी’ म्हणून दिलेली खोली पोटमाळ्यावर होती, जिना उभा आणि अरुंद, आणि समुद्र दिसायचा तो छतातल्या झडपेतून, उभं राहिल्यावरच. सौ.ला न्हाणीघरातल्या उंच टबात पाय टाकताना रोज माझा हात धरावा लागे. आई-बाबांसाठी तळमजल्यावरची खोली आणि टब नसलेला शॉवर मागा, आणि तसं लेखी घ्या. खिडकीतून खुर्चीत बसून काय दिसतं, हेही विचारा. या वयात आम्ही बसूनच बघतो.

*

गाडी नसेल तर पोर्ट्री सोडून विचारच करू नका. इन्व्हरनेसहून काइल ऑफ लोहॉल्शला रेल्वे अडीच तासांत पोचते, तिथून बसने स्कायला जोडणारा पूल ओलांडायचा. पूल 1995 चा, टोल 2004 मध्ये रद्द झाला. पोर्ट्रीहून ट्रॉटर्निशला फेरी मारणारी बस आहे, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारी आणखी कमी.

*

मी पोर्ट्रीवाल्यांशी सहमत नाही, निदान ज्येष्ठांच्या बाबतीत. स्लीटमध्ये राहा. मुख्य भूमीवरच्या मालेग बंदराहून बोटीने आर्माडेलला उतरा, म्हणजे वाटेत ग्लेनफिनानचा एकवीस कमानींचा पूलही होतो. आयलऑर्नसेच्या बंदरावरचं ‘एलन इयरमन’ हॉटेल मला फार आवडलं. ते बँकर आणि जमीनमालक सर इयन नोबल यांनी 1972 मध्ये घेतलं आणि स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेला तिथे मानाचं स्थान दिलं. पुढच्याच वर्षी जवळच साव्हल मोर ऑस्टेग हे गेलिक कॉलेज सुरू झालं, त्यातही त्यांचा हात होता. मरणपंथाला लागलेली भाषा हॉटेलच्या काउंटरवर, पाट्यांवर, गप्पांत जिवंत ठेवायची, ही गोष्ट मराठी माणसाला भिडतेच.

स्कायवर पाऊस गृहीत धरायचा. अख्खा दिवस स्टॉर धुक्यात असतो आणि तुम्ही हॉटेलात. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत पेटलेली शेगडी आहे का, पुस्तकं आहेत का, दुपारी चहा मागितला तर कुणी आनंदाने देतं का, यावर सहल तरते. मी हॉटेल निवडताना बेडरूमचे फोटो बघतच नाही, बैठकीचे बघते. आणि परीक्षणं वाचताना पावसात राहून गेलेल्यांची वाचते.

*

मिजेस, म्हणजे चावणारी बारीक चिलटं! मे ते सप्टेंबर, वारा पडला की संध्याकाळी ढगच्या ढग येतात. एसी नसतो, खिडकीला जाळीही नसते. वाऱ्याच्या बाजूची, उंचावरची जागा बघा.

*

जुलै-ऑगस्टचं बुकिंग करायला उशीर झाला असेल तर स्कायवर राहायचा हट्ट सोडून, स्कायच्या उत्तरेकडच्या उइग बंदराहून बोटीने हॅरिस बेटावर जा. दोन तासांच्या आत तिथलं टारबर्ट बंदर. लस्केंटायरचा पांढरा किनारा बघताना आम्ही बोलायचे थांबलो होतो. हॉटेलं अगदी मोजकी, पण माणसं निवांत. तिथे रविवार हा देवाचा, विश्रांतीचा वार म्हणून फार कसोशीने पाळतात. शेजारच्या लुइसवर स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली तीच 2009 मध्ये. म्हणून रविवारचं जेवण हॉटेलात आहे ना, ते बुकिंग करतानाच विचारा आणि शनिवारीच पेट्रोल भरून ठेवा.