म्हाताऱ्यामागं पळून माझेच पाय गळाले. घरी सांगावं का?

मळ्यातला_हिऱ्या (ता. औसा, जि. लातूर)

राम राम मंडळी. मी हिऱ्या. कारवानी कुत्रा, वय नऊ. टाइप करायचं काम घरातली पोरगी करायली, बोलणं माझं समजा.

प्रश्न आमच्या आबांचा आहे. जन्म फसली १३४८ चा, असं ते सांगतात. निजामाच्या राज्यात सालं तशीच मोजायचे म्हणे. त्यात ५९० मिळवा आणि वय तुम्हीच काढा. मला चारच्या पुढं मोजता येत नाही, पाय तेवढेच आहेत.

आबा अंगणात बाजेवर झोपतात. लई पाऊस आला तर ओसरीत, पण स्लॅबखाली नाही. किल्लारीचा भूकंप झाला ते १९९३ साल, ३० सप्टेंबर, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते आणि दगडमातीची माळवदं अंगावर आली. तेव्हापासून आबा चारच्या आधी जागे. माझा तेव्हा जन्म नव्हता, पण रोज बघतो ना मी. उठून बाजेवर बसतात, पाय खाली सोडतात आणि नुसतं जमिनीकडं बघत राहतात. चार वाजून गेले की मग तंबाखू मळतात. चुन्याचा वास आला की मी अंग झाडून उभा राहतो. त्याच्या आधी उठलो तर ओरडा बसतो.

मग गोठा. आमची गाय देवणी, त्यात वानेरी. अंग पांढरं आणि तोंडावर काळं. ती फक्त आबांनाच धार काढू देती. पप्पा बसले की पान्हा चोरती. आबा आधी गव्हाणीत वैरण टाकतात, पेंड भिजवतात, तिच्या कानामागच्या गोचड्या बघतात, तिच्याशी काहीतरी बोलतात (माझ्याशी एवढं बोलत नाहीत) आणि मग चरवी घेऊन बसतात. डेअरीवर कॅन नेण्यावरून घरी रोज भांडण. मोटारसायकल असताना आबा पायी.

डेअरीहून तसंच मळ्यात. दोन किलोमीटर. सध्या ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून दाण्यावर आली, त्यामुळं माळ्यावर चढून पाखरं राखणं चालू आहे. त्या वयात गोफण फिरवतात. पोरगी म्हणती आबांचा पटका लाल आहे, मला तो मातीसारखाच दिसतो. मी त्यांना वासावर ओळखतो. तंबाखू, सरकी पेंड आणि ओली माती. परवा येळवशीला (वेळ अमावस्येला) आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन आबाच गेले मळ्यात, नातवाच्या गाडीवर दिलं नाही. मला बाजरीचे दोन उंडे मिळाले ते वेगळं.

आता अडचण. मागच्या हिवाळ्यात मी पुढं पळायचो आणि वळून आबा कुठंपर्यंत आले ते बघायचो. औंदा आबा पुढं असतात, वळून मला बघतात. माझा मागचा डावा पाय धरतो. पण आबाही मधी थांबायलेत. आधी फक्त लिंबाखाली एकदा बसायचे. आता लिंब, ओढ्याचा पूल आणि आमच्या बांधाचा दगड, असं तीनदा. गोफणीचा दगड आधी पार पलीकडच्या बांधावर जायचा, आता शेताच्या मधीच पडतो. हे घरात कुणालाच माहीत नाही.

आणि चार दिवसांखाली लाईट रात्रपाळीची होती. आबा अंधारात दारं धरायला गेले, सऱ्यांत पाणी सोडत असताना चिखलात पडले. एक बिडी ओढून होईल एवढा वेळ तसेच बसले. मी तोंड चाटलं तर मला म्हणले, "हिऱ्या, घरी बोलायचं न्हाई."

तर सांगावं का न्हाई?

परभणीकर_सध्या_पुण्यात

नको सांगू बाबा. आमच्या अण्णांना "आता आराम करा" म्हणून पुण्याला आणलं. चौथ्या मजल्यावर फ्लॅट. माणूस दिवसभर गॅलरीत बसून खालच्या वॉचमनला "ओ, ते झाड वाळायलंय, पाणी घाला" म्हणून ओरडायचा. तीन महिन्यांत स्वतःहून एसटीत बसून गावी गेले. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

उदगीरची_सूनबाई

वर लिहिलंय ते वाचून रागच आला. सांगायचं. आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि दोन दिवस "पाठ धरलीय" म्हणत निजून राहिल्या. खुबा मोडला होता. दोन दिवस! कुत्रं राहू द्या, घरात आम्ही पाच माणसं होतो.

आणि हिऱ्या, तुला टाइप येत नाही म्हणजे हे त्या पोरीला ठाऊक आहे. तिला कसं कळलं ते आधी सांग.

पशुधन_सेवक (नांदेड)

आधी हिऱ्याचा पाय. बोटांच्या मधे बोट घालून बघा, बाभळीचा काटा नाहीतर सराटा मोडून बसलेला असतो, आणि नखं वाढली असली तरी कुत्रं पाय धरतं. तसं काही नसेल तर सांध्याचं दुखणं समजा. या चणीच्या कुत्र्याला नऊ म्हणजे उतारवयच. दवाखान्यात दाखवा. घरात पडलेली माणसाची दुखण्याची गोळी अजिबात द्यायची नाही. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या आतड्यात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. आपल्याकडं हे लई होतं, "अर्धीच दिली" म्हणून लोक घेऊन येतात. भाकरीवर कांदा-लसणाचं कालवण ओतून देत असाल तर तेही बंद करा, कांद्यानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आबांचं मी काय सांगावं, मी गुरांचा माणूस. पण एक विचारतो: पाय घसरून पडले का चक्कर येऊन? दोन्हीत लई फरक आहे. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना बसून एकदा आणि उभं राहून एकदा असं बीपी बघायला सांगा. उठल्यावर झपकन कमी होणारं असलं तर कळतं. साक्षीदार फक्त हिऱ्याच आहे, त्यालाच विचारा.

बांधावरचा_बाभूळ

हा धागा ठिबक सिंचनाच्या विभागात कामून टाकलाय? मी ठिबकमधून खत सोडायच्या व्हेंच्युरीचं बघायला आलतो आणि इथं कुत्रं बोलायलंय.

(पण पुढं काय झालं ते लिहा.)

मळ्यातला_हिऱ्या

सूनबाईंनी बरोबर पकडलं. पोरगी म्हणती, ती बघायला नव्हती. त्या दिवशी मी आबांच्या आधी एकटाच घरी आलो आणि दारात कुईं कुईं करत बसलो, असं मी कधीच करत नाही. मागून आबा आले तर धोतर एका अंगानं मांडीपर्यंत चिखलाचं. विचारलं तर म्हणले, "हिऱ्यानं उडवला चिखल." माझ्यावर ढकललं! बाकीचं मग तिनं दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन बघितलं. सरीच्या कडेला बसल्याची खूण होती आणि चप्पल अजून चिखलात रुतलेली होती.

म्हणजे सेवक साहेब, पाय घसरला. चक्कर नाही. तरी बीपी बघतो.

उदगीरची_सूनबाई

चप्पल सापडली म्हणजे निम्मं काम झालं. आता ऐक पोरी. "आबा, काठी घ्या" असं म्हणू नकोस. माझ्या सासऱ्यांना मी असं म्हणलं तर त्यांनी काठी गाईला बांधायच्या खुंट्याला लावून टाकली. काठी हिऱ्यासाठी आहे म्हण. हळू चालायचंय तेही हिऱ्यासाठी. आणि वडिलांना रात्रीच्या पाण्याचं खरं काय ते सांगून टाक, पण आबा समोर नसताना.

परभणीकर_सध्या_पुण्यात

हे मान्य. माझे शब्द मागं घेतो, फ्लॅटचे सोडून.

मळ्यातला_हिऱ्या

आठ दिवसांनी लिहायलो.

माझ्या पायात काटा नव्हता. सांधा. दवाखान्यातून औषध मिळालं, कालवण बंद झालं, आता दुधात भाकरी. त्याबद्दल सेवक साहेबांवर माझा राग आहे.

आबांचं बीपी उभ्यानं जरा कमी भरलं, डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. पप्पांनी पाण्याच्या मोटारीला, लाईट आली की आपोआप चालू करणारं ऑटो स्टार्टर बसवलं आणि रात्रपाळीला दारं धरायला दादा जायला लागला. आबा तरी चार वाजता जातातच, ऑटो खरंच चालू झालं का ते बघायला, आणि दादानं सरी नीट भरली का ते बघायला. दादा वैतागलाय.

काठीचं असं झालं. पोरगी म्हणली, "आबा, हिऱ्याचा पाय दुखायलाय, डॉक्टरनं दमानं न्यायला सांगितलंय. आणि वेशीवरची कुत्री त्याच्यावर धावून येतात, हातात काठी असू द्या." आबांनी माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मी शेपटी खाली घातली आणि दुसरीकडं तोंड केलं. मग उठून आढ्याला खोचलेली चिव्याची काठी काढली, दोनदा जमिनीवर टेकवून बघितली आणि म्हणले, "ही जरा लांब व्हती व्हय?"

आज सकाळी लिंबापाशी आलो तर आबा म्हणले, "बस हिऱ्या, दमलास तू," आणि स्वतः बुंध्याला टेकून बसले.

मी दमलो नव्हतो. बसलो.