फ्लुनारिझिनचा तीन आठवड्यांत गुण नाही, टोपिरामेटवर जावं का?

गवतीचहा:
बहिणीसाठी विचारतोय. वय ३२, अर्धशिशी महिन्याला ८-९ दिवस. फ्लुनारिझिन (अर्धशिशी उठू नये म्हणून रोज घ्यायची, म्हणजे प्रतिबंधक गोळी) १० मिग्रॅ रात्री, तीन आठवडे झाले. डोकं उठायचं तसंच उठतंय, भूक मात्र वाढली. दुखलं की एर्गोटामाइन-कॅफिनवाली गोळी, महिन्याला १२-१३ होतात. डॉक्टर प्रोप्रानोलॉल (बीपीची गोळी, अर्धशिशी टाळायलाही देतात) देऊ म्हणतायत. तिला लहानपणी दमा होता. त्यापेक्षा टोपिरामेट (फिटचं औषध, तेही अर्धशिशी टाळायला देतात) बरं का?

खलबत्ता:
तीन आठवड्यांवर निकाल लावू नका. प्रतिबंधक औषधाला पूर्ण मात्रेवर आल्यापासून साधारण आठ आठवडे द्यायचे. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले की औषध लागू पडलं असं धरतात. साफ थांबण्याची वाट पाहत बसलात तर कुठलंच औषध पास होणार नाही.

दम्याचं डॉक्टरांना आजच सांगा. प्रोप्रानोलॉल श्वासनलिकाही आवळतं, त्यामुळे दम्याच्या माणसाला देत नाहीत. आणि गोळ्यांच्या पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा: आपल्याकडे फ्लुनारिझिन आणि प्रोप्रानोलॉल एकाच गोळीत मिळतात. नुसतं फ्लुनारिझिन समजून लोक ती घेत राहतात.

बाकी मला खटकतात त्या १२-१३ गोळ्या. किती दिवसांत घेते?

गवतीचहा:
वहीत पाहिलं. ११ दिवस. जरा कणकण वाटली तरी घेते, दुखणं वाढू नये म्हणून.

खलबत्ता:
मग घोळ तिथेच असण्याची शक्यता मोठी. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एर्गोटामाइन, ट्रिप्टान (अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या खास गोळ्या) किंवा मिश्र वेदनाशामक महिन्याला १० दिवस, साधं पॅरासिटामॉल १५ दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की औषधच डोकं दुखवायला लागतं. त्यावर प्रतिबंधक गोळी म्हणजे फुटक्या माठात पाणी. आठवड्याला जास्तीत जास्त दोन दिवस, एवढीच मुभा ठेवा. कमी करताना पहिले २ ते १० दिवस डोकं उलट जास्त उठतं. त्या काळात काय घ्यायचं ते आधीच ठरवून घ्या. शिवाय एर्गोटामाइन आणि प्रोप्रानोलॉल एकत्र पडले तर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, बोटं गार पडतात.

मात्रा_मिग्रॅ:
टोपिरामेटबद्दल. रात्री २५ मिग्रॅ, दर आठवड्याला २५ वाढवत सकाळ-संध्याकाळ ५०-५० पर्यंत. घाईने वाढवलं की माणूस बोलता बोलता शब्द शोधत बसतो आणि औषध सोडून देतो. मग 'टोपिरामेट सोसत नाही' असा शिक्का बसतो, तो बहुतेकदा वेगाचा दोष असतो. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते, वजन उतरतं. मूतखडा होऊ शकतो, पाणी भरपूर प्यायचं. पहिल्या महिन्यात अचानक डोळा दुखून धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

पण वय ३२ आहे. मूल हवं असेल तर टोपिरामेट नको, बाळाचा ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. व्हॅल्प्रोएट (हेही फिटचं, अर्धशिशीत देतात) तर त्याहून वाईट. अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्याचं जुनं औषध, अर्धशिशी टाळायलाही देतात) रात्री १० मिग्रॅपासून सुरू करतात, झोप नीट नसेल तर बरं. पण तोंड कोरडं पडतं आणि भूक त्यानेही वाढते.

गवतीचहा:
वर्षभरात मुलाचा विचार आहे. फ्लुनारिझिन मग किती दिवस?

मात्रा_मिग्रॅ:
हे वाक्य डॉक्टरांपुढे पहिलं ठेवा, सगळी निवड त्यावर फिरते. गर्भधारणेआधी औषध कधी थांबवायचं तेही तेच ठरवतील. गुण आला तरी एरवी साधारण ६ महिने देऊन थांबवतात. फ्लुनारिझिनने मन उदास होतंय का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. बऱ्याचदा रुग्णाला ते औषधामुळे होतंय हे कळतच नाही.

खलबत्ता:
वहीत तीन रकाने करा: दुखलं तो दिवस, गोळी घेतली तो दिवस, पाळी. पुढच्या भेटीला तीच न्या.