पहिलं घर: जुन्या सोसायटीतलं की बांधकाम चालू असलेलं? (पुणे, ६० लाख)

सावली_हवी:
दोघं नोकरीला, एक हिंजवडीला, दुसरं स्वारगेटजवळ. सोबत सासूबाई, वय ७१, गुडघे दुखतात. दोन घरं मनात आहेत. वारज्यात २४ वर्षं जुन्या सोसायटीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. रावेतला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सातवा मजला, ताब्याला अजून दोन वर्षं; तिथे ‘साडेआठशे स्क्वेअर फूट’ सांगतात. दोन्ही २ बीएचके, किंमत ६० लाखांच्या आसपास. काय काय तपासू?

हिशेबवही:
आधी हातात रोख किती आहे ते मोजा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख तुमचे. शिवाय मुद्रांक शुल्क ७ टक्के (४ लाख २० हजार) आणि नोंदणी ३० हजार. हे दोन्ही बँक किमतीत धरत नाही. म्हणजे साडेसोळा लाख स्वतःचे हवेत, एजंटची दलाली वेगळी. जुन्या घरात आणखी एक अडचण येते. बँकेच्या व्हॅल्युअरने ५५ लाखच किंमत काढली, तर कर्ज ५५ च्या ८० टक्के, ४४ लाख. वरचे चार लाख ऐनवेळी तुमच्या खिशातून. त्यामुळे व्हॅल्युएशन होईपर्यंत मोठं टोकन देऊ नका.

रावेतला जीएसटी लागेल. घर ४५ लाखांच्या वर आहे, म्हणून ५ टक्के, ३ लाख. पुनर्विक्रीच्या घराला जीएसटी नाही. ४८ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ४१,६५० च्या आसपास येतो. ताबा मिळेपर्यंत त्यात सध्याचं भाडं मिळवा, खरा ताण तिथे कळतो.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्क ६ टक्के, ६० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव मालक म्हणून आलं की ही सवलत जाते. पण मालकी नसेल तर त्याला कर्जाच्या व्याजावर करसवलतही मिळत नाही. दोन्ही मांडून बघा.

सातबारा_वाचणारा:
रावेतचे ‘साडेआठशे’ विसरा. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाका आणि त्या फ्लॅटचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ बघा. तो चौरस मीटरमध्ये असतो, १०.७६४ ने गुणायचं. ५८ चौ. मी. निघाला तर ६२४ चौ. फूट. बाल्कनी त्यात धरत नाहीत. तिथेच ताब्याची नोंदवलेली तारीख, ती किती वेळा वाढवली, जमिनीवरचा बोजा (कर्ज, तारण) आणि चालू दावे दिसतात. विक्रेता तोंडी जी तारीख सांगतो तिला अर्थ नाही. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. मागितलीच तर तिथेच थांबा.

वारज्याला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा पालिकेचा दाखला), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र मागा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? हे हस्तांतरण, म्हणजे अभिहस्तांतरण, झालं नसेल तर उद्या पुनर्विकासाची वेळ आली की सगळे सभासद अडकतात. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकी आणि बोज्याच्या जुन्या नोंदींचा शोध, करून घ्या. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्यामुळे १ टक्का टीडीएस (विक्रेत्याचा आगाऊ कापायचा आयकर) त्याच्या रकमेतून कापून भरायची जबाबदारी तुमची, हे बरेच जण विसरतात.

टेप_घेऊन_जा:
कागद होतीलच. सासूबाईंसाठी वारज्याच्या पायऱ्या मोजा. मजल्याला साधारण १८, म्हणजे एका फेरीला ५४. लिफ्ट नंतर बसवू असं कोणी म्हणालं तर मंजुरी, जागा आणि सभासदांचा ठराव तिन्ही लागतं. त्या आशेवर घर घेऊ नका.

बेडरूम दहा फुटांची असेल तर हिशेब असा: पलंग साडेसहा, कपाट दोन, मधे दीड फूट. दीड फुटांत उभं राहून कपाटाचं दार उघडणं जमत नाही, सरकतं दारच लागतं. नमुना फ्लॅटमध्ये कधी कधी मुद्दाम आखूड पलंग ठेवलेला असतो, तो मोजा. बाथरूमचं दार चौकटीच्या आतून अडीच फूट हवं, नाहीतर व्हीलचेअर जात नाही.

ओल बघायची तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. वरच्या मजल्याच्या संडासाखालचं छत, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची मागची बाजू आणि खिडकीच्या खालचे कोपरे हाताने चाचपा. नुकताच रंग दिला असेल तर शंका घ्या.

सावली_हवी:
पायऱ्यांवरून वारजे जवळपास बाद. पण रावेतहून स्वारगेट?

टेप_घेऊन_जा:
सोमवारी सकाळी साडेआठला निघून एकदा जा, संध्याकाळी सहाला परत या. रविवारी मोजलेलं अंतर कामाचं नाही. परत येताना रावेतच्या आसपास राहायला आलेल्या एखाद्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला विचारा, उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती येतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्येच येतो, तो हप्त्यात मिळवून मग ठरवा.