नियंत्रक म्हणतो खाली, टीकॅस म्हणते वर : वैमानिकाने ऐकायचे कोणाचे?

सह्यकडा :
३१ जानेवारी २००१ रोजी जपानमधील याइझू शहराजवळच्या आकाशात जपान एअरलाइन्सचीच दोन विमाने एकमेकांपासून सुमारे १३५ मीटरवरून गेली. एक हनेडाहून नाहाला निघालेले बोईंग ७४७ (उड्डाण ९०७) आणि दुसरे बुसानहून नारिताला येणारे डीसी-१० (उड्डाण ९५८). दोन्हींत मिळून ६७७ माणसे होती. दोन्हींत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा बसवलेली होती आणि ती चालूही होती, तरीही विमाने इतकी जवळ आली कशी? माझा आजवरचा समज असा, की वैमानिकाला समोरचा तुकडा दिसतो आणि जमिनीवरच्या नियंत्रकाला सगळे आकाश दिसते, म्हणून शब्द नियंत्रकाचाच पाळावा. हरियाणातील चारखी दादरीला दोन विमाने हवेत धडकली, तोही अनर्थ नियंत्रकाचे न ऐकल्यानेच झाला ना? चुकत असल्यास जाणकारांनी दुरुस्त करावे.

मिणमिणता ठिपका :
माझी सगळी नोकरी नियंत्रक म्हणून रडारसमोर बसण्यात गेली, म्हणून लिहितो. नियंत्रकाला सगळे आकाश दिसते हे खरे. पण पडद्यावरचा ठिपका दर काही सेकंदांनी एकदा पुढे सरकतो, आणि टीकॅसने कॉकपिटमध्ये कोणता आदेश दिला हे त्याला, वैमानिकाने सांगितल्याशिवाय, सहसा कळतच नाही. टीकॅसचे तसे नसते. दोन विमानांतील यंत्रे एकमेकांशी परस्पर बोलतात आणि एकाने ‘वर’ ठरवले की दुसऱ्याला ‘खाली’ हाच आदेश मिळेल अशी व्यवस्था करतात.

त्या दिवशी टोकियो नियंत्रण केंद्रात पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली एक प्रशिक्षणार्थी नियंत्रक काम करत होता आणि त्याच्याकडे आणखी दहा विमाने होती. त्याला ९५८ ला खाली आणायचे होते; तोंडून निघाले ९०७. चढत असलेले ९०७ आज्ञेप्रमाणे उतरू लागले. त्याच सुमारास टीकॅसने ९०७ ला ‘वर’ आणि ९५८ ला ‘खाली’ असा आदेश दिला. ९५८ ने तो पाळला, ९०७ ने नियंत्रकाचे ऐकले, आणि दोन्ही विमाने खालीच जाऊ लागली. गोंधळ सावरताना पर्यवेक्षकाने वर जाण्याचा हुकूम दिला तो ‘९५७’ ला, आणि त्या क्रमांकाचे विमान तिथे नव्हतेच! हेडसेट लावून बसलेल्या कोणालाही हे वाचताना घाम फुटेल, कारण एका आकड्याची चूक तोंडातून निघताना चूक वाटत नाही.

सह्यकडा :
सविस्तर उत्तराबद्दल आभार. पण मग ९०७ च्या कप्तानाने यंत्राचा आदेश ऐकूनही तो मोडला, याला बेफिकिरी म्हणायचे का?

उजवी खुर्ची :
मी प्रवासी विमानात सहवैमानिक आहे. बेफिकिरी अजिबात म्हणणार नाही. आदेश आला तेव्हा विमान उतरू लागले होते, इंजिनांची शक्ती कमी केलेली होती, आणि ३७,००० फुटांच्या आसपास, जिथे हवा विरळ असते आणि हाताशी फारशी सवलत नसते, तिथे एकदम नाक वर उचलले तर विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल जाऊन ते कोसळू लागेल, अशी त्याला भीती वाटली. शिवाय दुसरे विमान त्याला डोळ्यांनी दिसत होते. शेवटच्या क्षणी त्याने नाक आणखी खाली दाबले आणि ९०७ हे ९५८ च्या खालून निसटले. त्या हिसक्याने पट्टे न बांधलेले प्रवासी आणि सेविका आसनांवरून उडाल्या, पेयांची ढकलगाडी छतावर आदळली, गरम पेये अंगावर सांडून काहीजण भाजले. सुमारे शंभर जण जखमी झाले.

खरी उणीव नियमात होती. टीकॅसचा आदेश नियंत्रकाच्या आदेशाहून वरचढ आहे, हे तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत निःसंदिग्धपणे लिहिलेले नव्हते. सतरा महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेनवर नेमके हेच घडले. नियंत्रक तुपोलेव्ह या रशियन प्रवासी विमानाला ‘खाली’ म्हणाला, टीकॅस ‘वर’ म्हणाले, तुपोलेव्हच्या वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, आणि टीकॅसचे ऐकून खाली येणाऱ्या मालवाहू बोईंग ७५७ शी ते धडकले. ७१ जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. त्या रात्री नियंत्रक दोन पडदे एकट्याने सांभाळत होता आणि देखभालीच्या कामामुळे दूरध्वनीची मुख्य व्यवस्था बंद होती. तुपोलेव्हच्या नियमपुस्तिकेतही नियंत्रकाच्या सूचनांनाच महत्त्व दिलेले होते. पुढे नोव्हेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम स्पष्ट केला : आदेश परस्परविरोधी असतील तर टीकॅसचाच पाळायचा. त्यामुळे आपला समज आता उलटा करावा लागेल.

मिणमिणता ठिपका :
चारखी दादरीची गोष्ट मात्र इथे लावू नये. १२ नोव्हेंबर १९९६ ला ३४९ जीव गेले, पण त्या विमानांत टीकॅसच नव्हते, त्यामुळे दोन आदेशांचा प्रश्नच आला नाही. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते आणि ते त्याखाली घसरले. त्यांचा रेडिओ सांभाळणारा कर्मचारी वेगळा बसे व त्याच्यापुढे स्वतःचे उंचीमापकही नसे. टीकॅस आपल्याकडे सक्तीचे झाले ते त्यानंतर.

जपानच्या दोन्ही नियंत्रकांवर खटला चालला. खालच्या न्यायालयाने सोडले, वरच्याने दोषी धरले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. माझ्या मते हे योग्य झाले नाही. जिभेची चूक तुरुंगाच्या धाकाने थांबत नाही, आणि त्या धाकाने पुढचा माणूस आपली चूक कबूल करायला कचरतो.

उजवी खुर्ची :
प्रत्यक्षातली पद्धतही सांगून ठेवतो. आदेश आला की ऑटोपायलट काढून (काही नव्या विमानांत तो स्वतःच आदेश पाळतो) साधारण पाच सेकंदांच्या आत विमान त्या दिशेने वळवायचे, आणि रेडिओवर इतकेच म्हणायचे : ‘टीकॅस आरए’ (आरए म्हणजे टक्कर टाळण्यासाठी टीकॅसने दिलेला वर-खालीचा आदेश). त्यानंतर, ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (टकरीचा धोका टळला) असे आम्ही कळवेपर्यंत, नियंत्रक आम्हाला वर-खाली जाण्याचा एकही हुकूम देत नाही.