मदत हवी आहे: क्रोममध्ये साइट उघडते, पण पायथनला सर्टिफिकेट पटत नाही

फोंड्यात काकांचं काजू-मसाल्याचं दुकान आहे. 2022 मध्ये त्यांना पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. रात्री दुकान बंद करताना दिवसाची मागणी घाऊक पुरवठादाराच्या सर्व्हरवर पाठवायची, एवढंच त्याचं काम. परवापासून तो अडून बसलाय:

सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड: अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट

म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर (सर्टिफिकेटावर) सही कोणाची, ते त्याला पटत नाही. तोच पत्ता क्रोम आणि फायरफॉक्समध्ये बिनतक्रार उघडतो. पावसात वीज सारखी जाते, संगणकाची तारीख मागे गेली असेल म्हणून आधी तेच पाहिलं. तारीख बरोबर आहे. पुरवठादाराचा माणूस म्हणतो, आमच्याकडे परवाच नवं सर्टिफिकेट बसवलंय, सगळं ठीक आहे, तुम्ही कोडमध्ये व्हेरिफाय=फॉल्स टाका, म्हणजे ही तपासणीच बंद होईल. टाकलं तर चालेलही, पण मन घेत नाही. चवथ तोंडावर आलीय, नेवऱ्यांसाठी खसखस-वेलचीची मागणी वाढलीय आणि काका रोज रात्री फोनवर वही वाचून दाखवतायत.

— काजूबोंड

सर्टिफाय पॅकेज (कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा त्याची पायथनसाठीची यादी) जुनं असेल. 30 सप्टेंबर 2021 ला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतला जुना रूट (सगळ्यात वरचं सर्टिफिकेट) संपला, तेव्हा सर्टिफिकेटं तपासणारं जुनं ओपनएसएसएल वापरणाऱ्यांची अशीच तारांबळ उडाली होती. अपडेट करून बघा.

— रात्रपाळी

केलं. तीच एरर.

— काजूबोंड

परवा सर्टिफिकेट बदललं आणि परवाच बिघडलं, म्हणजे दोष बहुतेक तुमच्याकडे नाहीच. ओपनएसएसएलची एस_क्लायंट कमांड शोसर्ट्स लावून त्या सर्व्हरवर चालवा आणि किती सर्टिफिकेटं येतात ती मोजा.

— घाटमाथा

एकच आलं. शून्य क्रमांकाचं. शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड 21, म्हणजे पहिलंच सर्टिफिकेट पडताळता आलं नाही.

— काजूबोंड

मग सापडलं. तुमच्या प्रोग्रामकडे फक्त रूटची यादी असते. रिक्वेस्ट्स (पायथन ज्यातून सर्व्हरशी बोलतो ती लायब्ररी) ती सर्टिफायमधून घेतं, विंडोजची यादी बघतही नाही. पण सर्व्हरच्या सर्टिफिकेटावर रूटची थेट सही नसते, मधल्या इंटरमीडिएटची असते. ते मधलं सर्टिफिकेट सर्व्हरनेच सोबत पाठवायचं असतं. दाखल्यावर तलाठ्याची सही आहे, पण हा तलाठी आमचाच, असं सांगणारा मामलेदाराचा कागद जोडलाच नाही, तशातली गत. खिडकीवरचा मनुष्य दाखला परत करणारच.

ब्राउझर तुम्हाला फसवतोय, कारण तो जास्त लाड करतो. मधलं कुठे मिळेल तो पत्ता सर्टिफिकेटातच लिहिलेला असतो, क्रोम तिथून आणतो. फायरफॉक्स मधल्यांची यादी आधीच जवळ बाळगतो. पायथन यातलं काहीच करत नाही.

पुरवठादाराकडचे सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं आणून देणारा प्रोग्राम) वापरत असतील तर त्यांनी फुलचेन.पेम (मधल्यासकट साखळी) द्यायच्या जागी सर्ट.पेम (फक्त सर्व्हरचं) दिलंय, पैज लावतो. तोवर ते इंटरमीडिएट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्याच साइटवरून उतरवा, सर्टिफायच्या फाइलची प्रत काढून तिच्या शेवटी चिकटवा आणि व्हेरिफायला त्या प्रतीचा पत्ता द्या. मूळ फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटला पुसली जाईल.

व्हेरिफाय=फॉल्स मात्र नको. मजकूर तेव्हाही गुंडाळूनच जातो, पण कोणाच्या हातात पडतो ते कळत नाही. दुकानाच्या वायफायवर मध्ये बसलेला कोणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करेल आणि तुमचा प्रोग्राम काकांचा पासवर्ड मुकाट त्याच्या हवाली करेल.

— घाटमाथा

कालची मागणी प्रतीवर गेली. त्यांच्या माणसाला 'एकच सर्टिफिकेट येतंय' असा स्क्रीनशॉट पाठवला, आज दुपारपासून दोन सर्टिफिकेटं यायला लागली. सर्ट.पेमच होतं. ती तात्पुरती प्रत काढून टाकली.

काढताना सगळा कोड चाळला. मालाचे भाव आणणाऱ्या फंक्शनमध्ये व्हेरिफाय=फॉल्स सापडलं, 2022 पासूनचं. मीच लिहिलेलं.

— काजूबोंड